‘बाइट द बुलेट’ कधी म्हणायचं आणि कुणाला: मराठी माणसासाठी सविस्तर मार्गदर्शन

हिंजवडीतल्या मीटिंगमध्ये, बँकेच्या मेलमध्ये, इंग्रजी पेपरच्या मथळ्यात ‘बाइट द बुलेट’ हा वाक्प्रचार सारखा भेटतो. अर्थ बहुतेकांना अंदाजाने कळतो. स्वतः वापरायची वेळ आली की मात्र जीभ अडते, नाहीतर तो नको तिथे वापरला जातो. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्याच्यासमोर साधारण एका ओळीचा अर्थ असतो: ‘कठीण प्रसंगाला धैर्याने तोंड देणे’. परीक्षेतल्या एका गुणापुरता तो ठीक आहे. पण तेवढ्याच शिदोरीवर बोलायला गेलं की नोकरी गेलेल्या सहकाऱ्याला किंवा नुकतेच वडील गेलेल्या मैत्रिणीला आपण भलतंच काही बोलून बसतो. आपला हेतू धीर देण्याचा असतो आणि समोरच्याला मात्र लागतं. ते टाळता यावं म्हणून हा विषय जरा सावकाश, पायरीपायरीने घेऊ.

पहिली पायरी: प्रसंग ओळखा

हा वाक्प्रचार बसायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. समोरची गोष्ट नकोशी असली पाहिजे, म्हणजे तिच्यात त्रास, खर्च, लाज किंवा दुःख यातलं काहीतरी हवं. ती टाळून चालणार नाही, हे कळूनही आपण ती पुढे ढकलत आलेलो असलो पाहिजे. आणि शेवटी ती करणारा माणूस स्वतः पाऊल उचलणारा हवा. यातली तिसरी अट सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते.

मराठीत या अर्थाच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे, तो म्हणजे ‘एकदाचं’. ‘एकदाची दाढ काढून घेतली.’ ‘एकदाचं बाबांना सांगून टाकलं.’ ‘एकदाची जुनी गाडी विकली.’ नुसतं ‘दाढ काढली’ म्हटलं तर ती एक बातमी झाली. ‘एकदाची’ म्हटलं की त्यामागचे टाळाटाळीचे महिने, रात्रीचा ठणका आणि शेवटी धरलेली डेंटिस्टची वाट हे सगळं ऐकणाऱ्याला कळतं. तेच इंग्रजीत: “आय फायनली बिट द बुलेट अँड हॅड द टूथ टेकन आउट.”

एक काळजी घ्या. ‘एकदाचं’ आपण हव्याशा गोष्टीलाही लावतो: ‘एकदाचा पाऊस आला’, ‘एकदाचा निकाल लागला’. तिथे बुलेटचा काही संबंध नाही. तिथे साधं ‘अ‍ॅट लास्ट’ पुरतं. म्हणून मनात ‘एकदाचं’ आलं की लगेच स्वतःला विचारा, हे करताना मला त्रास झाला का, आणि केलं ते मीच का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर वाक्प्रचार बेलाशक वापरा.

पुण्यातलाच एक मोठा दाखला घ्या. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला. पूल उभा होता, त्यावरून रोज वाहतूक चालू होती, आणि तो पाडायचा म्हणजे खर्च, कोंडी आणि लोकांचा राग तिन्ही ओढवून घ्यायचं. तरी मेट्रोची मार्गिका आणि नवा दुमजली पूल व्हायचा तर तो काढणं भाग होतं. याला “द सिटी बिट द बुलेट अँड पुल्ड डाउन द फ्लायओव्हर” हे वाक्य चपखल बसतं.

आता दुसरा दाखला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांमधली घरं नेली. तेव्हा पुण्याने ‘बुलेट बाइट’ केली असं म्हणता येणार नाही. तो घाला होता, त्यात कुणी काही ठरवलेलं नव्हतं. तिथे “इट टुक द सिटी इयर्स टू कम टू टर्म्स विथ द फ्लड”, म्हणजे तो पूर पचनी पडायला शहराला वर्षं लागली, असं म्हणावं लागेल. मात्र नंतर एखाद्या कुटुंबाने मन घट्ट करून नदीकाठची जागा कायमची सोडायची आणि सहकारनगर किंवा गोखलेनगरच्या नव्या वसाहतीत बिऱ्हाड न्यायचं ठरवलं असेल, तर त्या निर्णयाला ‘बिट द बुलेट’ म्हणता येईल. कुटुंब तेच, वर्षही तेच, तरी दोन वेगळे वाक्प्रचार लागतात, कारण एक गोष्ट त्यांच्यावर आली आणि दुसरी त्यांनी केली.

दुसरी पायरी: ही गोळी कुणाच्या दातांखाली होती

इतिहास इथे नुसत्या हौसेसाठी घेत नाही. वापराचे सगळे नियम त्यातूनच सुटतात.

फ्रान्सिस ग्रोस यांच्या रांगड्या इंग्रजी बोलीच्या कोशाची एक आवृत्ती १७९६ मध्ये निघाली. त्यात ‘नाइटिंगेल’, म्हणजे गाणारा पक्षी, या शब्दाखाली एक नोंद आहे. फटक्यांची शिक्षा होताना जो शिपाई ओरडे त्याला हे नाव पडे. काही पलटणींमध्ये नऊ पदरी चाबकाखाली तोंडातून आवाज न काढणं हा मानाचा प्रश्न होता, आणि त्यासाठी ते शिपाई बंदुकीची गोळी चावत. तेव्हाची गोळी शिशाची, म्हणजे मऊ धातूची, त्यामुळे ती दातांखाली दबत असे.

भूल देण्याआधीच्या काळात शस्त्रक्रिया करताना जखमी सैनिकाच्या तोंडात गोळी देत, अशीही एक गोष्ट सांगतात. इथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला १८४६ मध्ये झालं, म्हणजे त्याआधी वेदना सहन करण्याला फारसा पर्याय नव्हता हे खरंच. तरी गोळी चावण्याचा लेखी धागा फटक्यांच्या शिक्षेकडे जास्त स्पष्ट जातो.

आपल्याकडे आणखी एक समजूत ऐकू येते, ती १८५७ च्या काडतुसांची. एन्फिल्ड रायफलीचं काडतूस दाताने तोडावं लागे आणि त्याला लावलेल्या चरबीवरून भडका उडाला, हे आपण शाळेपासून शिकतो. पण तिथे दाताने तोडायचा होता तो काडतुसाचा कागद, गोळी नव्हे. शिवाय ग्रोस यांच्या कोशातली नोंद त्याहून साठेक वर्षं जुनी आहे. काडतुसाशी नातं जोडायचा मोह होतो, पण तो सोडून द्यावा.

आजच्या वळणाच्या जवळचा वापर १८९१ मध्ये, मुंबईत जन्मलेल्या रडयार्ड किप्लिंग यांच्या कादंबरीत सापडतो. एक जिवलग मित्र आंधळेपण आलेल्या आपल्या मित्राला घट्ट धरून धीर देताना ‘बाइट ऑन द बुलेट’ म्हणतो. तेव्हा मध्ये ‘ऑन’ होता. पुढे तो गळून पडला.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा: ज्याच्या पाठीवर फटके बसत होते, गोळी त्याच्याच दातांखाली होती. फटके मारणाऱ्याने ‘चाव गोळी’ म्हणणं हे क्रौर्य झालं असतं. पाचव्या पायरीला हेच उपयोगी पडणार आहे.

तिसरी पायरी: वाक्य नीट बांधा

क्रियापद बदलतं: बाइट, बिट, बिटन. ‘बाइटेड’ असं रूप नाही. ‘द बुलेट’ मात्र जसंच्या तसं राहतं. ‘अ बुलेट’ किंवा ‘बुलेट्स’ केलं की अर्थ फिसकटतो. दहा माणसांनी मिळून कठीण निर्णय घेतला तरी गोळी एकच: “दे ऑल बिट द बुलेट.”

पुढे काय केलं ते सांगायचं असेल तर ‘अँड’ने जोडा आणि दोन्ही क्रियापदं एकाच काळात ठेवा. मराठी डोक्यातून येणारं “आय बिट द बुलेट टू सेल द कार” अडखळतं, कारण आपण ‘विकायला मन घट्ट केलं’ असं बोलतो आणि ‘विकायला’चं सरळ ‘टू सेल’ करून मोकळे होतो. “आय बिट द बुलेट अँड सोल्ड द कार” असं म्हणा. विषयच सांगायचा असेल तर ‘ऑन’ चालतो, आणि वर्तमानपत्रांना तो फार आवडतो: “गव्हर्नमेंट बाइट्स द बुलेट ऑन फ्युएल प्रायसेस.” जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं, त्याबद्दल लिहायचं तर “इन १९९१ इंडिया बिट द बुलेट अँड डीव्हॅल्यूड द रुपी” हे अगदी ठाशीव वाक्य आहे.

सोबतीला ‘फायनली’, ‘हॅड टू’, ‘डिसाइडेड टू’, ‘जस्ट’ हे शब्द सहज येतात. कर्मणी प्रयोग करू नका. “द बुलेट वॉज बिटन” कानाला विचित्र लागतं, आणि करणारा माणूसच वाक्यातून नाहीसा झाला तर वाक्प्रचारात काही उरत नाही. उच्चारात जोर ‘बु’वर द्या. आपल्याकडे बुलेट म्हटलं की आधी मोटरसायकल डोळ्यांसमोर येते आणि तिचा ‘ले’ आपण ताणतो. इंग्रजीत शेवट आखूड, जवळजवळ ‘बुलिट’ असा होतो.

चौथी पायरी: शेजारपाजारचे वाक्प्रचार वेगळे करा

इथे मराठी माणसाची एक खास अडचण आहे. औषधाची ती गोळी आणि बंदुकीचीही गोळीच. त्यामुळे ‘अ बिटर पिल टू स्वॉलो’ आणि ‘बाइट द बुलेट’ डोक्यात एकाच कप्प्यात जाऊन बसतात. त्यांना क्रियापदावरून वेगळं करा: पिल गिळायची असते आणि बुलेट चावायची असते. गिळायची ती न आवडणारी वस्तुस्थिती. “लूझिंग द प्रमोशन टू अ ज्युनिअर वॉज अ बिटर पिल टू स्वॉलो.” इथे बढती हुकली, ती धाकट्या सहकाऱ्याला मिळाली आणि ते कडू सत्य मान्य करावं लागलं, करण्यासारखं काही नव्हतं. त्यानंतर राजीनामा देऊन नवी नोकरी शोधायचं ठरवलं तर मात्र बुलेट.

‘डॉज अ बुलेट’ याचा अर्थ जवळपास उलटा, संकटातून थोडक्यात वाचणं. जो फ्लॅट घेणार होतो त्या इमारतीचं काम पुढे कोर्टात अडकलं, तर “वी डॉज्ड अ बुलेट.” इथे ‘अ’ येतो हे लक्षात ठेवा. ‘टेक इट ऑन द चिन’ म्हणजे टीका किंवा हार तक्रार न करता सोसणं. ‘फेस द म्यूझिक’मध्ये आपल्याच चुकीची शिक्षा असते. ‘ग्रास्प द नेटल’ अर्थाने बुलेटच्या सख्ख्या शेजारी आहे, पण तो ब्रिटिश वळणाचा. नेटल ही अंगाला लागली की आग करणारी वनस्पती, ती घट्ट धरली तर कमी चावते अशी समजूत. लंडनच्या क्लायंटला चालेल, टेक्सासच्या क्लायंटला कदाचित समजावून सांगावं लागेल.

आपल्याकडचा ‘दात-ओठ खाणे’ इथे अजिबात आणू नका. दातांमुळे तो आठवतो, पण त्यात राग आहे, आणि गोळी चावणारा रागावलेला नसतो.

तत्त्वज्ञान शिकणाऱ्यांना या वाक्प्रचाराचा एक वेगळा वापर भेटेल. आपल्या सिद्धांतातून एखादा विचित्र, मनाला न पटणारा निष्कर्ष निघत असेल आणि सिद्धांत न सोडता तो निष्कर्षच मान्य केला, तर त्या विचारवंताने ‘बुलेट बाइट’ केली असं म्हणतात. तिथेही हिशेब तोच: किंमत स्वतःच्या विचाराची आणि ती मोजणाराही स्वतःच.

सगळ्यात महत्त्वाचा शेजारी ‘कम टू टर्म्स विथ’. मराठीत त्याच्या जवळ ‘पचनी पडणं’ येतं. दुःख पचवायला वेळ लागतो, आणि या इंग्रजी वाक्प्रचारातही वेळ असतोच: “इट टुक मी अ लाँग टाइम टू कम टू टर्म्स विथ माय मदर्स डेथ.” बुलेट एका क्षणाची असते, अमुक तारखेला हे केलं, संपलं. ‘कम टू टर्म्स’ मनात हळूहळू होत जाणारी गोष्ट आहे, तिला तारीख लावता येत नाही.

सोसायटीच्या पुनर्विकासाचंच बघा. जुन्या इमारतीच्या सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव होतो. कमिटी म्हणेल, “वी बिट द बुलेट अँड वेंट फॉर रीडेव्हलपमेंट.” बरोबर आहे, त्यांनी बरीच वर्षं टाळलेला निर्णय घेतला. पण विरोधात मत दिलेल्या, चाळीस वर्षं त्याच खिडकीत बसून चहा घेतलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींबद्दल नातू लिहील, “आजी इज स्टिल कमिंग टू टर्म्स विथ इट.” आजींनी बुलेट बाइट केली असं लिहिलं तर त्यांच्या नावावर न घेतलेला निर्णय चढवल्यासारखं होईल.

पाचवी पायरी: कुणी म्हणायचं ते ठरवा

हा वाक्प्रचार ज्याला झळ बसणार आहे त्याच्या तोंडी शोभतो. ‘मी’ आणि ‘आम्ही’ला तो निर्धास्त लावा. झालेल्या गोष्टीबद्दल ‘त्याने’, ‘तिने’, ‘सरकारने’ असाही लावा, त्यात कौतुकाची छटा येते. ‘तुम्ही’ला लावताना मात्र दहादा विचार करा.

मराठीत हे पटकन जाणवत नाही, कारण आपल्याकडे ‘मन घट्ट कर गं बाळा’ हे आत्या किंवा मावशी पाठीवर हात ठेवून म्हणते. त्यात जिव्हाळा असतो. तीच भावना मनात धरून आपण “यू विल हॅव टू बाइट द बुलेट” म्हणतो आणि इंग्रजीत त्याचा सूर ‘तक्रार बंद कर आणि सोस’ असा निघतो. दादाने धाकट्या भावाला, जिवलग मैत्रिणीने मैत्रिणीला म्हटलं तर चालतं, किप्लिंगच्या त्या मित्रासारखं. साहेबाने हाताखालच्याला, डॉक्टरने पेशंटला, घरमालकाने भाडेकरूला म्हणू नये.

मृत्यू, गर्भपात, घटस्फोट, गंभीर आजार यांच्या जवळपासही हा वाक्प्रचार नेऊ नका. तिथे ‘यू शुड कम टू टर्म्स विथ इट’ हेसुद्धा नको. पचनी पडायला हवं, असा आदेश कुणी देऊ शकत नाही. “आय अ‍ॅम सो सॉरी. टेक ऑल द टाइम यू नीड” एवढं साधं बोललं तरी पुष्कळ असतं.

सहावी पायरी: एक मेल जवळून बघू

समजा, घरून काम करण्याची सवलत बंद होते आहे आणि टीम लीड म्हणून तुम्हाला ते कळवायचं आहे. पहिला मसुदा साधारण असा उतरतो:

“डिअर टीम, अ‍ॅज पर मॅनेजमेंट डिसिजन, यू ऑल विल हॅव टू बाइट द बुलेट अँड वर्क फ्रॉम ऑफिस फाइव्ह डेज अ वीक.”

व्याकरणात काही चूक नाही. खटकतं ते ‘यू ऑल’. निर्णय मॅनेजमेंटचा, त्रास टीमचा, आणि धीराची अपेक्षाही टीमकडूनच. पाठवणारा त्यातून अलगद बाजूला झाला आहे. शिवाय पहिल्या अटी आठवा: टीमने काही टाळलेलं नाही, काही ठरवलेलंही नाही. मुळात वाक्प्रचार इथे बसतच नाही. तो काढून टाका आणि सरळ लिहा:

“फ्रॉम मंडे वी विल बी वर्किंग फ्रॉम द ऑफिस फाइव्ह डेज अ वीक. आय नो धिस इज हार्ड, एस्पेशली फॉर दोज कमिंग फ्रॉम वाघोली अँड कात्रज. टेल मी इफ यू नीड डिफरंट टायमिंग्ज.”

वाघोलीहून हिंजवडी म्हणजे शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणं. ते तुम्हाला ठाऊक आहे हे मेलमध्ये दिसलं की वाचणाऱ्याला माणूस बोलतोय असं वाटतं. त्याच लीडने वरच्या साहेबांना लिहिताना मात्र वाक्प्रचार खुशाल वापरावा: “वी हॅव बीन पुटिंग ऑफ द सर्व्हर मायग्रेशन सिन्स लास्ट इयर. आय थिंक वी शुड बाइट द बुलेट अँड डू इट धिस क्वार्टर.” इथे काम टाळलेलं आहे, ते त्रासाचं आहे, आणि रात्री जागून करणाऱ्यांत लिहिणारा स्वतः आहे. ‘वी’ इथे खरा आहे. तुम्ही स्वतः जागणार नसाल तर तो ‘वी’ही लिहू नका.

नोटीस, करारनामा, एचआरचं अधिकृत पत्र यांत हा वाक्प्रचार नको. मीटिंग, रोजचे मेल, लेख, भाषण इथे चालतो.

सातवी पायरी: स्वतःच्या आठवड्यावर सराव करा

पाठ केलेली वाक्यं ऐनवेळी आठवत नाहीत. स्वतःच्या आयुष्यातल्या, लांबणीवर टाकलेल्या गोष्टी घ्या आणि त्यांची वाक्यं बनवा. रोज दुचाकीने कोंडीत अडकून पाठ धरली आणि शेवटी वनाज ते रामवाडी मेट्रोचा पास काढला: गैरसोय फारशी नाही, उलट सोय झाली, म्हणून बुलेट नको. मुलाच्या फीसाठी आईच्या बांगड्या मोडल्या: “वी बिट द बुलेट अँड सोल्ड द बँगल्स”, आणि हे तुम्हीच म्हणा, शेजाऱ्याने तुमच्याबद्दल तुमच्यासमोर म्हणू नये. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. तो बदल आयोगाकडून आला, म्हणून ‘कम टू टर्म्स विथ द न्यू पॅटर्न’. त्यानंतर वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या सगळ्या नोट्स बाजूला ठेवून रोज उत्तरं लिहायला बसलात, तिथे बुलेट.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून बाहेर पडून खासगी नोकरीकडे वळणाऱ्या मुलामुलींना मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: मधली ही वर्षं काय करत होता? त्या उत्तरात हा वाक्प्रचार मोलाचा ठरतो, कारण त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि स्वतःच्या निर्णयाची जबाबदारी मात्र पुरती आहे. मान वर ठेवून, ‘बु’वर जोर देऊन सांगा: “आय प्रिपेअर्ड फॉर द सिव्हिल सर्व्हिसेस अँड मिस्ड द फायनल लिस्ट. लास्ट इयर आय बिट द बुलेट, लेफ्ट द प्रिपरेशन अँड लर्न्ड डेटा अ‍ॅनालिसिस.” आणि तिथेच थांबा. ‘अनफॉर्च्युनेटली’ जोडू नका, नशिबाला दोष देऊ नका. पुढचा प्रश्न डेटा अ‍ॅनालिसिसवरच येईल, त्याची तयारी करून जा.